अजिंठ्याची छते आणि वऱ्हाडची कवाडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये उभी राहिलेली 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' चळवळ यंत्राच्या मालाविरुद्ध होती. कारखान्यात काम वाटले गेले, एकाने पाय कापायचा, दुसऱ्याने पाठ जोडायची, तिसऱ्याने साच्यातली नक्षी डकवायची, आणि या वाटणीत वस्तूही बिघडली व माणूसही बिघडला, असे जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस सांगत होते. मॉरिसने १८६१ मध्ये मित्रांसह स्वतःची पेढी काढली. तिथे खुर्च्या, पडदे, भिंतीचे कागद, रंगीत काचा अशा वस्तू हाताने घडत. १८८७ मध्ये लंडनला 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी' स्थापन झाली आणि चळवळीला तिचे रूढ नाव मिळाले. त्या काळातले साधे ओकचे टेबल, ठोक्यांच्या खुणा राखलेले तांब्याचे तबक किंवा हातझिलईची सुरई यांना आज जगभर संग्राहक आहेत.

या चळवळीचा एक धागा महाराष्ट्रातून जातो, आणि तो बुलढाणा जिल्ह्याला दोन बाजूंनी शिवतो. ज्या डोंगररांगेच्या माथ्यावर बुलढाणा शहर वसले आहे, तिच्याच पश्चिमेकडील कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या छतांवरची नक्षी मुंबईच्या कलाशाळेने उतरवली आणि मातीच्या भांड्यांवर, लाकडावर, दगडावर आणली. याच जिल्ह्यातला कापूस त्याच वर्षांत आगगाडीने मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जात होता. चळवळ ज्या यंत्राशी भांडत होती, त्या यंत्राचा कच्चा माल खामगावच्या बाजारात तोलला जात होता. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज त्या काळातल्या वस्तूंचा संग्रह म्हणजे काय, हे नीट उमगत नाही.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची सुरुवात १८५७ ची. तिच्यासाठी जमशेटजींनी एक लाख रुपये दिले होते. कारागिरांच्या मुलांना रेखाटन आणि हस्तकौशल्य शिकवावे, हा मूळ हेतू. १८६५ मध्ये तीन इंग्रज शिक्षक आले. वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, सजावटीच्या चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स आणि लोखंडी नक्षीकामासाठी हिगिन्स. किपलिंगने इंग्लंडमधील बर्सलेम या कुंभारकामाच्या गावी उमेदवारी केली होती आणि साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या सजावटीवर काम केले होते. त्याची पत्नी ॲलिस ही जॉर्जियाना बर्न-जोन्सची बहीण, आणि जॉर्जियानाचा नवरा एडवर्ड बर्न-जोन्स हा मॉरिसच्या पेढीतला भागीदार. म्हणजे लंडनमध्ये ज्या दिवाणखान्यांत या नव्या विचाराची चर्चा चाले, त्यांच्याशी मुंबईच्या कलाशाळेचे घरचे नाते होते.

किपलिंगला पाठ्यपुस्तकातल्या ग्रीक नमुन्यांपेक्षा इथल्या कारागिराचा हात मोलाचा वाटे. १८७० मध्ये सरकारने त्याला वायव्य प्रांतात पाठवले. लाकूड कोरणारे, कापडावर ठसे उमटवणारे, विणणारे असे कारागीर त्याने कामात मग्न असताना रेखाटले. ही रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्या काळातल्या अवजारांचा व बैठकीचा तो भरवशाचा पुरावा आहे. मुंबईत त्याच्या हाताखालचे काम क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी कमानींवरच्या शिल्पपट्टांत पाहायला मिळते. १८७५ मध्ये तो लाहोरच्या मेयो कलाशाळेचा प्रमुख होऊन गेला, आणि १८८४ पासून 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' या नियतकालिकातून भारतीय हस्तकलांविषयी लिहीत राहिला.

चळवळीचा आणि मुंबईचा दुसरा दुवा म्हणजे डॉ. जॉर्ज बर्डवूड. पेशाने डॉक्टर, आणि मुंबईच्या पहिल्या वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक. या संग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खटपट केली होती. भायखळ्याची आजची इमारत २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुली झाली. १९७५ पासून ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या नावाने ओळखली जाते. बर्डवूडने पुढे लंडनला जाऊन १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी एक पुस्तिका लिहिली, आणि तिचाच विस्तार करून १८८० मध्ये भारताच्या औद्योगिक कलांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. गावगाड्यात वंशपरंपरेने काम करणारा कुंभार, तांबट, कोष्टी हा त्याच्या मते या कलेचा खरा आधार. तुरुंगातल्या कैद्यांकडून विणून घेतलेले गालिचे स्वस्त विकून सरकार परंपरागत विणकरांच्या पोटावर पाय देत आहे, अशी त्याची कडक टीका होती. येरवड्याच्या तुरुंगातही असे गालिचे विणले जात. बर्डवूडच्या या भूमिकेला पाठिंबा देणारे एक निवेदन १८७९ मध्ये लंडनमधल्या कलावंतांनी त्याला सादर केले. त्यावर सही करणाऱ्यांत स्वतः विल्यम मॉरिस होता. मॉरिस भारतात कधी आला नाही. पण इथल्या हस्तकलांच्या ऱ्हासाची त्याला जाणीव होती, याचा हा लेखी पुरावा.

बर्डवूडच्या चित्रात एक त्रुटी होती. खेड्यातला कारागीर त्याला निवांत आणि सुखी दिसे. दुष्काळ, सावकारी आणि जातीची बंधने त्या चित्रात फारशी येत नाहीत. हातमागाच्या कापडाचे त्याने गुणगान केले, पण ते विणणाऱ्याच्या मिळकतीचा हिशेब मांडला नाही. वऱ्हाडचा अनुभव या त्रुटीवर नेमके बोट ठेवतो, त्याकडे पुढे येऊच.

अजिंठ्याच्या लेण्यांकडे १८१९ मध्ये जॉन स्मिथ या शिकारीसाठी आलेल्या लष्करी अधिकाऱ्याचे लक्ष गेले. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे अजिंठा गावात मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. डॉ. भाऊ दाजींनी १८६० च्या दशकात लेण्यांतल्या शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यानंतर ग्रिफिथ्सने सरकारपुढे प्रस्ताव मांडला की, कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना युरोपच्या नकला देण्याऐवजी अजिंठा हीच त्यांची शाळा करावी. १८७२ च्या हिवाळ्यात काम सुरू झाले आणि मधल्या खंडांसह १८८५ पर्यंत चालले. हिवाळ्यातले काही महिने ग्रिफिथ्स आणि विद्यार्थी तिथे राहत. अंधाऱ्या लेण्यांत परातीएवढ्या जागेवर प्रकाश घेऊन भिंतीवरचा एकेक तुकडा कॅनव्हासवर उतरवत.

या विद्यार्थ्यांची नावे ठाऊक आहेत, ही मोठी गोष्ट आहे. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा ही त्यांपैकी काही. पेस्तनजी पुढे मुंबईचे नामांकित चित्रकार झाले. एकूण सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले आणि लंडनला गेले. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि शंभराहून अधिक नकला नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा चित्रग्रंथ छापला. त्यात बुद्धकथांच्या चित्रांइतकीच जागा छतांच्या नक्षीला आहे. कमळे, हंस, हत्ती, वेलींच्या गुंफणी आणि चौकोनांत बसवलेली फळे-फुले यांचा तो कोशच आहे. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सने मूळ चित्रांवर व्हार्निश लावले होते. ते पुढे पिवळे पडले आणि चित्रांना अपाय झाला. ज्याने अजिंठ्याची ओळख जगाला करून दिली, त्याच्याच हातून हे नुकसान झाले, याची नोंद त्याच्या गौरवाबरोबर व्हायलाच हवी.

अजिंठ्याच्या छतांवरून उचललेली नक्षी सर्वांत ठळकपणे उमटली ती मातीच्या भांड्यांवर. कलाशाळेचे चित्रशिक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभारकामाची शाखा चालवली. झिलईदार भांड्यांची परंपरा सिंधमध्ये जिवंत होती, म्हणून तिथले कुंभार मुंबईला आणले. निळा, हिरवा, पिवळा, गर्द तपकिरी अशा झिलया; आकार सुरईचे, घटाचे, मोठ्या तबकांचे; आणि अंगावर अजिंठ्याची कमळे, हंस, हत्तींच्या रांगा. टेरीने पुढे 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावाने हेच काम स्वतंत्रपणे चालवले. ही भांडी युरोपातल्या प्रदर्शनांत गेली आणि हातोहात विकली गेली. आजही त्यांतली बरीच इंग्लंडच्या घरांतून आणि लिलावांतून बाहेर येतात. बुडाशी कोरलेले शाळेचे किंवा 'वंडरलँड'चे नाव ही ओळखीची पहिली खूण. पण ज्याने चाक फिरवले आणि ज्याने कुंचल्याने हंस काढला, त्यांची नावे भांड्यावर क्वचितच सापडतात. भायखळ्याच्या संग्रहालयात या भांड्यांचे चांगले नमुने पाहता येतात.

लाकूडकामाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. मुंबईत शिसवीचे कोरीव फर्निचर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तयार होत होते. गोल टेबले, पाठीला जाळीदार पानाफुलांची नक्षी असलेल्या खुर्च्या, सिंहाच्या पंजांचे पाय असा तो थाट. घडण भारतीय हातांची, पण आकार युरोपचे. पारशी, गुजराती आणि इंग्रज घरांत त्याला मोठी मागणी होती. बर्डवूडला हे फर्निचर मुळीच आवडले नाही. नक्षीची इतकी गर्दी की बसायच्या वस्तूचे बसणेच हरवते, असा त्याचा सूर होता. आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या दृष्टीने ही टीका रास्त आहे. लाकडाचा धागा दिसावा, सांधा लपवू नये, सजावट वस्तूच्या उपयोगातून यावी, हे चळवळीचे दंडक शिसवीच्या या कोचांनी पाळले नव्हते. तरीही त्यातली हातोटी असामान्य आहे, आणि नुसत्या अभिरुचीच्या नियमाने ते काम मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल.

१८९१ मध्ये कलाशाळेच्या आवारात 'रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाल्या. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव त्यांना दिले होते. लाकूडकोरीव, धातुकाम, गालिचे अशा शाखांत परंपरागत कारागीर शिकवत आणि विद्यार्थी उमेदवारी करत. शाळेच्या वर्गात चित्र काढणे आणि कारखान्यात वस्तू करणे यांतली दरी बुजवण्याचा हा प्रयत्न होता. पुण्यात १८९० च्या सुमारास स्थापन झालेले लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय, म्हणजे आजचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय, हेही त्याच विचाराचे फळ. तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनस या स्थानकाच्या इमारतीवरची दगडातली पाने, पक्षी, मोर आणि आतले लोखंडी कठडे यांत कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. राजाबाई मनोऱ्यावरच्या निरनिराळ्या जातिजमातींच्या आकृती घडवणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे नाव मात्र सुदैवाने नोंदले गेले.

आता वऱ्हाड. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १८६० च्या दशकात बुलढाणा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच दशकात भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून टाकला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब ते खामगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या फाट्याचे उद्घाटन झाले. खामगाव तेव्हा वऱ्हाडातला सर्वांत मोठा कापूसबाजार होता. किपलिंग कारागिरांची रेखाटने करत फिरत होता तेही हेच वर्ष.

या बाजाराची दुसरी बाजू मेहकरला दिसते. मेहकर हे हिंदू आणि मोमीन विणकरांचे जुने गाव. तिथल्या धोतरांचा एके काळी लौकिक होता. पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३ चा दुष्काळ यांनी गाव खिळखिळे झाले, आणि मग यंत्राच्या कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना. कापूस याच मातीतला, पण तो बाहेर जाऊन कापड होऊन परत येई आणि मागावरच्या धोतरापेक्षा स्वस्त पडे. मॉरिसने लंडनमध्ये बसून जे दुःख मांडले, ते मेहकरच्या विणकराने प्रत्यक्ष भोगले. चळवळीने अजिंठ्याची नक्षी वाचवली, लंडनला नेली, भांड्यावर आणली. मेहकरचा माग वाचवणे तिच्या आवाक्यातले नव्हते, कारण ते काम अभिरुचीचे नसून बाजारभावाचे होते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या घरांत टेबल-खुर्ची हा प्रकार उशिराने, कचेऱ्या आणि डाकबंगल्यांबरोबर आला. त्याआधीचे सामान जमिनीलगतचे. पाट, चौरंग, बाज, पाळणा, देव्हारा, धान्याची कोठी, पितळी पट्ट्यांचा पेटारा, भिंतीतले फडताळ. पाहुण्यांची आणि हिशेबाची बैठक ढेलजेत, गादीवर, लोड-तक्क्यांना टेकून. त्यामुळे सुताराचे उत्तम काम सुट्या सामानात कमी आणि घराच्या अंगात जास्त दिसते. सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुले, तुळया, चौकटीवरची गणेशपट्टी, जाड फळ्यांचे कवाड, त्यावरचे लोखंडी गोलखिळे, कडी-कोयंडा, आतला अडसर. आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे जे निकष, म्हणजे प्रामाणिक सांधा, दिसणारे लाकूड आणि उपयोगातून आलेली नक्षी, ते सगळे या कवाडांत कोणी न शिकवता पाळलेले आहेत. सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार, देऊळगाव राजाच्या जुन्या वस्तीतले वाडे आणि बाजाराच्या गावांतली व्यापाऱ्यांची घरे ही या परंपरेची ठिकाणे. चांदीकामात खामगावचे नाव आजही आहे. चांदीच्या शुद्धतेसाठी हे शहर रजतनगरी म्हणून ओळखले जाते आणि देवघरातल्या वस्तूंसाठी दूरचे गिऱ्हाईक तिथे येते.

वस्तू कुठे राहावी, या प्रश्नाचे एक उत्तर मेहकरने १८८८ मध्ये दिले. खोदकामात काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फुटी, अत्यंत सुबक विष्णुमूर्ती सापडली. इंग्रज अधिकारी ती लंडनच्या संग्रहालयात नेणार, असे कळताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे गावात परंपरेने सांगतात. तीच मूर्ती शारंगधर बालाजी. ती आजही मेहकरमध्येच आहे, पूजेत आहे. संग्रहालयात गेली असती तर कदाचित तिच्यावर अधिक लेखन झाले असते; गावात राहिल्याने ती गावाची राहिली.

संग्रहाचा दुसरा, आणि सामान्य घरगुती वस्तूंना न्याय देणारा मार्ग पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी दाखवला. १८९६ ते १९९० हा त्यांचा जीवनकाळ. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, फण्या, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे. ज्या वस्तू भंगारवाल्याकडे जायच्या, त्या त्यांनी गावोगाव फिरून, पदरमोड करून मिळवल्या. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहाला राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाकडे सोपवला. वीस हजारांवर वस्तूंच्या या संग्रहात कोथरूडच्या मस्तानी महालाचा भागही पुन्हा उभारलेला आहे. राजेरजवाड्यांच्या जडजवाहिरापेक्षा सुताराने आणि तांबटाने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूचा मान केळकरांनी ओळखला. मॉरिसच्या विचाराला महाराष्ट्रात मिळालेले सर्वांत सच्चे उत्तर म्हणून या संग्रहाकडे पाहावे, इतकी त्याची योग्यता आहे.

आज अशा वस्तू जमवणाऱ्याने काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात. हाताने केलेल्या जुन्या कामात दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. मागच्या, न दिसणाऱ्या फळीवर वाकसाचे किंवा रंध्याचे उंचसखल पट्टे बोटांना लागतात. सांधे खाचेत खाच बसवून लाकडी खुंटीने आवळलेले असतात. झीज हात, पाय आणि उंबरठा जिथे घासतो तिथेच असते. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली समजावी. मुंबईच्या चोरबाजारात जुने आणि जुने भासवलेले असे दोन्ही शेजारी मांडलेले असते. जुन्या सागवानावर पॉलिशचे जाड थर चढवणे, पितळ आरशासारखे घासणे हे विक्रीला सोयीचे पण वस्तूला मारक. कवाडाचे टेबल आणि गणेशपट्टीचा आरसा करणे ही आजची मोठी टूम आहे. तिच्यात लाकूड वाचते, पण ते दार होते ही गोष्ट पुसली जाते.

कायद्याचे भानही हवे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा हस्तकलेची वस्तू त्यानुसार पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. रे वर्कशॉप्सच्या पहिल्या पिढीतले काम आणि टेरीची भांडी ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वाड्यांचे लाकूडकामही आता त्या वयात येत आहे.

वऱ्हाडात वाडे उतरवण्याचे काम आजही चालू आहे. भावकीच्या वाटण्या, पडझड आणि सिमेंटच्या घराची सोय ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. लाकूड वजनावर किंवा घनफुटावर विकले जाते, आणि खांब कोणत्या गावचा, कोणत्या खणातला, कोणत्या सुताराने केला, हे विक्रीबरोबर हरवते. टेरीच्या भांड्यांवरचे हंस काढणारे असेच हरवले. म्हणून ज्यांच्या घरी असा वाडा उभा आहे त्यांनी एवढे तरी करावे. उतरवण्याआधी प्रत्येक दालनाचे फोटो घ्यावेत, कवाडांची मापे लिहून ठेवावीत, घर बांधल्याचे साल आणि सुताराच्या घराण्याचे नाव वडीलधाऱ्यांकडून विचारून वहीत उतरवावे, आणि वस्तू कोणालाही दिली तरी त्या वहीची एक प्रत तिच्याबरोबर द्यावी.